इन्सुलिन सुरू केल्यापासून वजन वाढते आहे, मदत हवी आहे

नमस्कार. गोळ्यांनी साखर आटोक्यात राहीना, म्हणून चार महिन्यांपूर्वी मला रात्रीचे इन्सुलिन सुरू झाले. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ९.८ वरून ७.४ वर आले, पण वजन पाच किलोंनी वाढले. रक्तातील साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि इन्सुलिनमुळे ही गळती थांबली की तेच उष्मांक अंगी लागतात, हे डॉक्टरांनी समजावले आहे; म्हणजे माझे आधीचे बारीक होणे हे आजाराचेच लक्षण होते, हेही पटते. तरीही इन्सुलिन टोचण्याच्या पेनवर डोसचा आकडा फिरवताना चार युनिट कमी घ्यावीत असा मोह होतो, आणि एकदा मी तसे केलेही (सकाळी मीटरवर २१० दिसल्यावर स्वतःचाच राग आला). शिवाय झोपेत साखर ७० च्या खाली जाईल या धास्तीने मी भूक नसतानाही रात्री काहीतरी खाते. ज्यांनी डोस न चुकवता वजन स्थिर ठेवले आहे, त्यांनी हे रात्रीचे खाणे कसे थांबवले आणि डोसची वेळ किंवा सोबतची औषधे बदलण्याविषयी डॉक्टरांना नेमके काय विचारले, हे कृपया सांगावे. ही वाढ तुमच्या बाबतीत किती महिन्यांनी थांबली?