नाशकात राहून फोर बाय फोर कशाला? रोज अंबड, अधूनमधून तंबू

दुसरी_पाळी:
गंगापूर रोडला घर, अंबड एमआयडीसीत नोकरी. गाडी बदलायची आहे. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि आई. रोजचं जाणं-येणं सगळं शहरातलं, आणि सिंहस्थाची कामं निघाल्यापासून कुठला रस्ता कधी उकरलेला असेल याचा नेम नाही. सुट्टी जमली की तंबू घेऊन वैतरणा, भंडारदरा, हतगड. कंपनीत ज्याला विचारावं तो म्हणतो "फोर बाय फोरच घे." म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी. त्यातल्या निम्म्यांनी स्वतःच्या गाडीतला ती ताकद जोडायचा दांडा कधी ओढलेला नाही.

माझं मत: आपल्या भागातल्या कॅम्पिंगला फोर बाय फोर लागत नाही. रतनवाडी, साम्रद, घाटघर, सगळीकडे गाडीरस्ता आहे. कच्चं काय उरतं? रस्ता सोडल्यापासून तंबूच्या वावरापर्यंतचा मुरमाचा तुकडा. तिथे लागतो ग्राउंड क्लिअरन्स (जमीन ते गाडीचं पोट हे अंतर), बरे टायर आणि खाली उतरून आधी रस्ता बघणारा ड्रायव्हर. टाटाच्या साध्या नेक्सॉनला २०८ मिमी आहे, मारुतीच्या फोर बाय फोर जिम्नीला २१०. दोन मिलिमीटरसाठी किती मोजायचे?

त्यात कर बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के. बाकीच्यांना ४०. जिम्नी लांबीत बसते, पण इंजिन १४६२ सीसी पेट्रोल, म्हणजे ४०. महिंद्राच्या थारचं फोर बाय फोर घ्यायचं तर इंजिन मोठं, तेही ४०. या फरकात चांगले ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) टायर, तंबू आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर येऊन वर पैसे उरतात.

विरोधी मतं हवीच आहेत. फक्त "फील वेगळाच असतो" हे कारण सांगू नका.

लो_रेंज:
फील सांगत नाही, चढ सांगतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या मुरमाच्या चढाला लागली की वजन मागे जातं आणि जी चाकं ओढणार तीच हलकी होतात. मग जागच्या जागी फिरणं, हाफ क्लच, जळका वास. सगळा खेळ पन्नास फुटांचा असतो, पण त्या पन्नास फुटांच्या अलीकडे तुम्ही आणि पलीकडे तंबू.

आणि लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरमधला सावकाश पण जोरकस गिअर, चढण्यापेक्षा उतरायला जास्त कामाला येते, हे कुणी बोलत नाही. ४एल (चार चाकं, लो रेंज) टाकून पहिल्या गिअरला गाडी इंजिनवर रांगत उतरते, ब्रेकवर पाय द्यावा लागत नाही. ओल्या उतारावर ब्रेक दाबून चाकं घसरवत खाली येणं काय असतं ते मागे बसलेल्या आईला विचारा.

शहराचं म्हणाल तर जिम्नीची रुंदी १६४५ मिमी, वजन बाराशे किलोच्या आसपास. कॉलेज रोडच्या गल्लीत तुमच्या नेक्सॉनच्या आधी मी पार्क केलेली असते. कराबद्दल वाद नाही, तो अन्यायच आहे.

सातपूरचा_फिटर:
दोघांनाही थोडं थोडं.

अमुक मिमी क्लिअरन्स यावर गाडी ठरवू नका. तो आकडा सहसा रिकाम्या गाडीचा असतो. चार माणसं, पाण्याचा कॅन, तंबू, शेगडी टाकली की मागची बाजू बसते. शिवाय पुढचं बंपर किती बाहेर आलंय हे जास्त महत्त्वाचं. जिम्नीचा पुढून चढायचा कोन ३६ अंश आहे. लांब नाकाच्या गाडीचं बंपर बांधालाच टेकतं, मग खाली २०८ असो की २५०. आमच्याकडे कॅम्पवरून येणाऱ्या गाड्यांचं काम काय असतं? बंपरच्या क्लिपा तुटलेल्या, नाहीतर चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, लागलेलं. खाली पत्रा मारून घ्या, आधी.

आता फोर बाय फोरवाल्यांना. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे हटलं की गाळाची जमीन उघडी पडते. वरून तडे गेलेली, कडक दिसते. खाली ओलाच. गाडी थेट पाण्यापर्यंत न्यायची म्हणून लोक आत घालतात, वरची खपली फुटते आणि चारही चाकं एकदम बसतात. चारही चाकं फिरवली की गाडी चारही बाजूंनी आणखी खाली जाते. मग गावातला ट्रॅक्टर, टोचन, आणि ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव. काळ्या मातीचं तेच. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की टायर गुळगुळीत झाला, मग ताकद चार चाकांना जावो की दोन.

तुमच्या वापराला मी महिंद्राची बोलेरो निओ एन१० ऑप्शनल सांगेन. डिझेल १४९३ सीसी, चार मीटरच्या आत, म्हणजे १८ टक्क्यांत. ताकद मागच्या चाकांना, आणि मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल. एक चाक खड्ड्यावर अधांतरी फिरायला लागलं की दुसऱ्याला ताकद मिळते. हलक्या कच्च्या रस्त्याला एवढं पुरतं.

लो_रेंज:
@सातपूरचा_फिटर पण डिझेल? रोज गंगापूर रोड ते अंबड, सिग्नल-सिग्नल करत? बीएस६ डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, भरला की तो जाळायला एकसलग पळवावी लागते. पुन्हा महाराष्ट्रात डिझेलला वन टाइम टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त.

सातपूरचा_फिटर:
मुद्दा खरा आहे. फक्त हा माणूस सुट्टी जमली की भंडारदऱ्याला जाणार म्हणतोय. सिन्नर फाट्यापर्यंतच जाणारा असता तर मीही पेट्रोलच सांगितली असती.

मेधा_इंदिरानगर:
तुमचे कोन आणि गिअर होऊ देत. आई कुठे बसणार हे कुणी विचारलं का?

तीन दरवाजांच्या थारमध्ये मागे जायचं तर पुढची सीट दुमडून चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या बाईला तसं चढवून दाखवा. आमच्याकडे हा प्रयोग झालेला आहे, सासूबाई त्यानंतर रिक्षाने गेल्या. जिम्नीला पाच दरवाजे आहेत, पण आसनं चारच आणि डिकी २०८ लिटरची. चौघं बसली की तंबू टपावर. टपावर सामान म्हणजे ताडपत्री, दोर, आणि कसारा घाटात दर वळणाला मागे वळून बघणं. शिवाय मुलीची मैत्रीण बरोबर निघाली तर तिला घरी ठेवायची का? पाच दरवाजांच्या थार रॉक्समध्ये पाच जण आरामात बसतात, पण ती ४४२८ मिमी लांब आणि १८७० रुंद. आमच्या सोसायटीतल्या खांबांमधून ती आत जाईल, दार मात्र उघडणार नाही.

आणि "थार नाशकातच बनते, मग आपण नाही तर कोण घेणार" हे ज्यांना पटतं त्यांनी जरूर घ्यावी. मी भाजी तशी घेते, गाडी नाही.

जुनी_डस्टर:
मधला रस्ता म्हणून ऑल व्हील ड्राइव्ह (गरजेप्रमाणे आपोआप चारही चाकांना ताकद) का नको? रेनॉ डस्टरचा ऑल व्हील ड्राइव्ह डिझेलबरोबर २०२० मध्ये गेला, पण सेकंडहँड मिळतात. २१० मिमी, पाच जण, मोठी डिकी. नवीनच हवी असेल तर मारुती ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप, तीही ऑल व्हील ड्राइव्हच. लो रेंज नाही, पण ही सिस्टीम पावसात डांबरी रस्त्यावरही चालते. थार-जिम्नीचं फोर बाय फोर कोरड्या डांबरावर टाकायचंच नसतं, वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि ताण गिअरवर येतो. म्हणजे वर्षाचा बहुतेक काळ ते वजन नुसतं वाहून न्यायचं.

रानवाटा:
मूळ प्रश्नच चुकीच्या जागी आहे. ऑफरोड करणार कुठे? रतनवाडी, साम्रद, घाटघर हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग. रस्ता सोडून गाडी घालायची जागा नाही ती. मे अखेरीला काजवे बघायला आलेल्या गाड्या झाडांखालपर्यंत नेतात आणि हेडलाइट चालू ठेवतात. मग काजवे दिसत नाहीत म्हणून तक्रार. अंजनेरीवरचं कंदीलपुष्प जगात फार थोड्या जागी उरलंय, आणि तिथेही लोकांना वरपर्यंत रस्ता हवाय. साधी गाडी घ्या, डांबर संपेल तिथे लावा, तंबू पाठीवर घ्या.

लो_रेंज:
आईच्याही पाठीवर? बाकी तुमच्याशी सहमत, एक सोडून. जमीन उकरते ती रुतलेली गाडी. पुढची दोन चाकं फुल रेस करून फिरवणारा जितकी चाकोरी खोदतो तितकी लो रेंजमध्ये सावकाश जाणारी गाडी खोदत नाही. गाडी कुठे न्यायची हे माणूस ठरवतो.

रानवाटा:
आणि फोर बाय फोर हातात आली की माणूस काय ठरवतो ते वैतरणेच्या काठावर बघायला मिळतं.

दुसरी_पाळी:
उताराचा मुद्दा मला वजनदार वाटला. तरी त्यासाठी २२ टक्के जास्त कर भरायची तयारी नाही. ओला उतार दिसला की मी गाडी वर ठेवून चालत जाईन, त्यात कमीपणा वाटत नाही. जिम्नी चार आसनांवर बाद. रॉक्स पार्किंगवर बाद. सेकंडहँड डस्टर मनात भरते, पण रोजच्या नोकरीला जुनी डिझेल नको. नेक्सॉन पेट्रोल की बोलेरो निओ, एवढंच उरलं. रविवारी आईला घेऊन दोन्ही बघतो.

सातपूरचा_फिटर:
आईंना मागच्या सीटवर स्वतःहून चढू द्या, हात देऊ नका, तेव्हाच कळेल. टेस्ट ड्राइव्हला पाचही जागा भरून न्या. आणि डिकीतली चटई उचलून स्टेपनी पूर्ण मापाची आहे का ते बघा. बऱ्याच गाड्यांत हल्ली बारीक देतात. साम्रदला पंक्चर झाल्यावर त्या बारीक चाकावर घोटीपर्यंत यावं लागतं. ऑल टेरेन टायर घालणार असाल तर कंपनीच्याच मापात घाला, आणि पाच घ्या, चार नाही.