सुपारी किती ठरली, हातात किती आले? उन्हाळ्यात वाजवणाऱ्या पोरापोरींचे अनुभव

गुढीपाडवा झाला की वाजवणाऱ्याला घर दिसत नाही. गावोगावच्या जत्रा, लग्नाच्या तिथी, हळदी, जागरण-गोंधळ, हरिनाम सप्ताह सगळं एकावर एक येतं. बुद्धपौर्णिमेनंतर तमाशाचे फड परतीला लागतात, चातुर्मास लागला की लग्नंही थांबतात. पुढचे कोरडे महिने याच कमाईवर काढायचे असतात. शाळा-कॉलेजला सुट्टी असल्यामुळे नेमक्या याच दिवसांत सतरा-अठरा वर्षांची पोरं मोठ्या संख्येने पार्ट्यांमधून, फडांमधून वाजवायला जातात.

मी ढोलकी वाजवतो आणि शिकवतोही. माझ्याकडची पोरं सीझन संपवून येतात तेव्हा वाजवण्याबद्दल भरभरून बोलतात, पैशांचं विचारलं की गप्प होतात. ही गप्प बसण्याची सवय मोडावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून विनंती केली की सुपारी (कार्यक्रमाची ठरलेली रक्कम) कितीची होती, तुमच्या हातात किती आले, कधी आले, आणि घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत किती वेळ गेला, हे मोकळेपणाने लिहा. माणसांची, फडांची, कार्यालयांची नावं मात्र घालू नका. भांडण कुणा एकाशी नाही. आलेले अनुभव खाली देतो, मधलं कंसातलं लिखाण माझं.

सूर धरणारा, वय १९, सोलापूर जिल्हा

सनई-चौघड्यात मी सूर देतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मुख्य सनईच्या मागे एकच स्वर अखंड चालू असतो, तो मी धरतो. श्वास तुटू द्यायचा नाही. नाकाने हवा घ्यायची आणि त्याच वेळी गालात साठवलेली बाहेर सोडायची. मे महिन्यात दुपारच्या मुहूर्ताला मांडवाखाली हे तासभर करून बघा, गालफडं आणि कानाच्या मागचा भाग रात्री झोपू देत नाहीत.

पण लोकांना मी दिसतच नाही. गेल्या वैशाखातलं एक लग्न सांगतो. डेकोरेटरने घरवाल्यांकडून सनई-चौघड्याचे १४,००० लावले होते, हे मला नवरीच्या मामाच्या तोंडून कळलं. आमच्या पार्टीला त्यातले ८,००० मिळाले. चौघे होतो. मला ५०० मिळाले, कारण "तुला काय, एकच सूर धरायचाय". पहाटे चारला निघालो होतो, रात्री दहाला घरी आलो. उस्तादांवर माझा राग नाही, त्यांनी मला फुकट शिकवलंय. पण मधल्या माणसाने वरचे ६,००० कशाचे घेतले, हे विचारायची सोय कुणालाच नव्हती. विचारलं तर पुढची तारीख दुसऱ्या पार्टीला जाते.

बँडमध्ये साइड ड्रम, वय १७

आमच्याकडे हिशेब एका ओळीचा आहे. वाजवलं त्या दिवसाचे ६००, तारीख रद्द झाली तर शून्य. अवकाळी पावसाने वरात मोडली, आम्ही तयार होऊन, ड्रेस घालून दारात उभे होतो, तरी शून्यच. घरवाल्यांनी दिलेला विसार मात्र परत गेला नाही.

एक आई

माझा मुलगा सातवीत आहे. हात चांगला आहे म्हणून ओळखीचे एक पार्टीवाले खुळखुळा वाजवायला मागत होते, "सुट्टीत शिकेल, खाऊला पैसे होतील" म्हणाले. रात्रीच्या वराती असतात म्हणून मी पाठवलं नाही. नातेवाईक म्हणाले, पोराचं नुकसान करतेस. मला खरंच कळत नाही, कायदा काय म्हणतो?

*(ताई, तुम्ही केलंत ते अगदी बरोबर. चौदा वर्षांखालच्या मुलाला दुसऱ्याच्या पार्टीत कामाला ठेवता येत नाही. घरचाच व्यवसाय असेल तर शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हातभार लावायला मुभा आहे, तीही धोक्याचं काम नसेल तरच. सिनेमा-मालिकांत लहान मुलं काम करतात, पण तिथे २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे आणि कमाईतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. वरातीत खुळखुळा वाजवणाऱ्या पोराच्या नावे कोण काय ठेवतं?)*

हलगी, वय २२, कोल्हापूर जिल्हा

हलगी, घुमकं, कैताळ असा आमचा ताफा. बाहेरच्या गावच्या मिरवणुकीला गेलो तर माणशी हजार-बाराशे सुटतात, रोख, त्याच दिवशी. अडचण आमच्याच गावात आहे.

गावची जत्रा चैत्रात. पालखीपुढं आमच्या वाड्यानं वाजवायचं ही रीत. आज्यानं वाजवलं, बापानं वाजवलं. बदल्यात नारळ, टॉवेल-टोपी आणि जेवण. त्याच जत्रेत डीजेवाल्याला लाखाच्या घरात दिलं जातं, लायटिंगवाल्याला, ऑर्केस्ट्रावाल्याला पावती फाडून पैसं दिलं जातं. मी बैठकीत उभा राहून विचारलं, आमचं किती धरलंय? सगळी बसलेली माणसं एकमेकांकडं बघाय लागली. एक जण म्हणाला, "अरं हा तुमचा मान हाय, मानाचं पैसं मागत्यात व्हय?"

मान मला कळतो. देवापुढं हलगी कडाडली की माझ्या पण अंगावर काटा येतो. पण मान असता तर पंगतीत आधी बसवलं असतं, शेवटी नव्हं. यंदा आम्ही आठ जणांनी लेखी मागणी केली, माणशी ८००. बाप दोन दिवस बोलला नाही, त्याला वाटलं गाव तुटंल. गाव तुटलं नाही. ५०० वर बोलणं झालं. कमी हाय, पण वहीत पहिल्यांदा "हलगी पथक" असं लिहून खर्च पडला.

*(या अनुभवावर थोडं थांबायला हवं. ज्या कामाला मोबदल्याऐवजी "मान" मिळतो, ते काम बहुतेक वेळा ठरावीक जातींच्याच वाट्याला आलेलं असतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध (गावकीच्या पिढीजात सक्तीच्या कामाविरुद्ध) मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं ते १९२८ साली. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा. वतन कागदावरून गेलं, पण जत्रेतल्या वाजवण्यातून बऱ्याच गावांत अजून गेलेलं नाही. जिथे डीजेला पावती आहे तिथे हलगीलाही असायला हवी. यात कुठल्याही देवाचा अवमान होत नाही.)*

पखवाज, वय २०, शिक्षण आळंदीत

सप्ताहांबद्दल लिहायला हात कचरतो, कारण आमच्यात पैशाचं नाव काढणं वाईट समजतात. तरीही लिहितो.

आळंदीत आमच्यासारखी कितीतरी मुलं शिकतात. उन्हाळ्यात गावोगावच्या सप्ताहांना त्यांना नेतात. कीर्तनकार महाराज रोज वेगळे. गाडीने येतात, दोन तास कीर्तन करतात आणि जातात. पखवाजवाला सात दिवस तिथेच असतो. पहाटे चारला काकडा, मग दुपारची भजनं, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. झोप तीन-चार तास. काल्याच्या कीर्तनानंतर पाकीट मिळतं आणि ते उघडेपर्यंत आत काय आहे ते माहीत नसतं. एका गावात सात दिवसांचे २,१०० निघाले. त्याच सप्ताहात एका रात्रीच्या कीर्तनाचे त्याच्या दहापट ठरले होते, तेही आधी फोनवर बोलून.

मी सेवा म्हणूनच वाजवतो आणि वाजवत राहीन. पण पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीक निघून जाते, शाई उडते, पानं फाटतात, पुडी (तोंडावर ताणलेलं कातडं) बदलावी लागते, त्याचा खर्च सेवेत धरत नाहीत. महाराजांचं आधी बोलून ठरू शकतं, तर साथीदाराचंही ठरावं एवढंच माझं म्हणणं आहे. एका गावात तरुण मंडळाने हे आपणहून केलं. आमंत्रण देतानाच रक्कम सांगितली, दुपारी दोन तास झोपायला खोली दिली आणि जाण्या-येण्याचं भाडं वेगळं दिलं. तिथे मी बोलावणं नसतानाही गेलो असतो.

तमाशात ढोलकी, वय २४

पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येऊन आपल्या जत्रेची सुपारी ठरवतात. ते बोलणं मालक, मॅनेजर आणि पंच यांच्यात होतं. कोणत्या गावाने किती दिले हे कलाकाराला कळत नाही.

माझं काम दसऱ्यालाच सुरू झालं होतं. आधी ४०,००० उचल घेतली, बहिणीचं लग्न होतं. उचल पगारातून कापली जाते हे मान्य. पण रिकामी रात्र गेली, आजारी पडलो, गाडी बंद पडून कार्यक्रम बुडाला की तो दिवस भरत नाही आणि उचल तेवढीच राहते. सीझन संपला तेव्हा माझ्यावर ११,००० निघाले. "पुढच्या दसऱ्याला इथंच यायचं, नाहीतर आत्ता भर." माझ्याकडे हिशेबाचा कागद नव्हता, सगळं मॅनेजरच्या डायरीत. दुसऱ्या फडातून जास्त पैशांचं बोलावणं होतं, ते सोडावं लागलं.

एवढं असूनही मला तमाशा सोडायचा नाही. गण-गौळण सुरू होऊन ढोलकीचा पहिला तोडा सुटतो तेव्हा शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा सरसावून बसतो. हे मला दुसरीकडे कुठे मिळणार?

*(भावा, कर्ज अंगावर ठेवून माणसाला एकाच मालकाकडे काम करायला भाग पाडणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे करता येते. उचल घेणं चुकीचं नाही, अडचणीला दुसरं कोण देतं? पण उचलीची आणि भरलेल्या रात्रींची नोंद तुमच्या स्वतःच्या वहीत हवी आणि दर आठवड्याला मॅनेजरची सही घ्यायला हवी.)*

संबळ, मुलगी, वय २१

घर गोंधळ्यांचं. एप्रिल-मेमध्ये एका कृषी पर्यटन केंद्रात संध्याकाळचा कार्यक्रम करतो. जाहिरातीत आमचा फोटो मोठा असतो. रोजचे ४०० ठरले, महिन्याच्या शेवटी देणार असं सांगितलं आणि दिले ते पावसाळा लागल्यावर. शिवाय दिवसभर पाहुण्यांचं स्वागत, हुरड्याच्या शेडची झाडलोट, पोरांना फेटे बांधणं हे सगळं "रिकामीच आहेस ना" म्हणून. मी वादक म्हणून गेले होते. पुढच्या वेळी कार्यक्रमाचा आकडा आणि इतर कामाची मजुरी असं दोन्ही वेगळं बोलणार आहे.

पार्टी चालवणारा, सातारा जिल्हा

मालकाची बाजूही यायला हवी म्हणून लिहितो. सगळे मालक पैसे दाबतात असं नाही. सुपारीतून गाडी, डिझेल, ड्रेस, वाद्यांची दुरुस्ती जाते. मोठी वरात पूर्वी मध्यरात्रीपर्यंत चालायची, आता रात्री दहानंतर वाजवायला बंदी आहे. ते योग्यच आहे, पण त्यामुळे लोक दर पाडून मागतात. वाजवणं दहाला थांबतं, आमचं थांबणं थांबत नाही. जेवणं उरकून बाकी हातात पडेपर्यंत एक वाजतो.

आमच्याकडे आधी खर्च बाजूला, उरलेल्याच्या पात्या (वाटे) पाडायच्या. मला दोन पाती, प्रत्येक वादकाला एक, शिकाऊला पहिल्या सीझनला पाऊण आणि दुसऱ्यापासून पूर्ण. सुपारीचा आकडा गाडीत बसतानाच सगळ्यांना सांगतो. सुरुवातीला इतर मालक म्हणाले, पोरं डोक्यावर बसतील. उलट झालं, माझी पोरं दुसरीकडे जात नाहीत आणि ऐन तिथीला मला माणूस शोधत फिरावं लागत नाही. विसार नाही तर तारीख नाही, आणि आयत्या वेळी रद्द केली तर विसारातून पोरांची निम्मी पाती, हेही घरवाल्यांना आधीच सांगतो.

सनईवाल्याची मुलगी

वडिलांनी आयुष्यभर सनई वाजवली. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार महिना ५,००० मानधन देतं, पन्नाशीनंतर अर्ज करता येतो. अर्जाला इतक्या वर्षांच्या कामाचे पुरावे लागतात. आमच्याकडे काय निघालं? दोन फोटो आणि एका देवस्थानाचं पत्र. हजारो मंगलकार्यांत वाजवलेल्या माणसाकडे एकही पावती नाही, कारण त्यांना कुणी कधी दिलीच नाही. मी महिनाभर जुन्या यजमानांच्या घरी जाऊन लग्नपत्रिका आणि पत्रं गोळा केली.

म्हणून वर लिहिलेल्या सगळ्या पोरांना सांगते, पैशांइतकाच कागद मागा. भाऊ माझा आता वाजवतो. त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाची चिठ्ठी मी फाइलला लावते.

*(ताईंच्या सांगण्यावरून आमच्या पोरांसाठी अशी चिठ्ठी छापून घेतली आहे, हवी त्याने उतरवून घ्यावी: "तारीख ____, ठिकाण ____, वाद्य ____, निघण्याची वेळ ____, परत पोचण्याची वेळ ____, एकूण सुपारी ____, माझी रक्कम ____, विसार ____, बाकी कार्यक्रम संपताच रोख किंवा खात्यावर. तारीख आयत्या वेळी रद्द झाल्यास ____. सही यजमान, सही पार्टीप्रमुख, सही वादक." दोन प्रती करा, एक वादकाच्या खिशात.)*