गुण्या आणि सूत

ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, त्याला मराठी शब्द म्हणून कुणीतरी 'काटकोनमापक' सुचवलंय. अहो, पुण्याजवळच्या भोसरीतल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये असं मागितलंत तर पोरं बघत राहतील! तिथे तो 'गुण्या'. चौकट काटकोनात बसली की 'गुण्यात आली'.

मोठ्या गेटला मात्र हातातला गुण्या पुरत नाही. कोपऱ्यापासून एका बाजूवर ६०० मिमी, दुसरीवर ८०० मिमी खूण करायची आणि तिरकं माप घ्यायचं. बरोबर १००० आलं तरच टॅक (वेल्डिंगचा तात्पुरता टाका) मारायचा. पायथागोरस इथे रोज कामाला असतो.

'सूत' जपून वापरा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. 'चार सूत सळई' हिशोबाने १२.७ मिमी, दुकानदार देतो १२ची. मी १२.७चं भोक पाडून बसलो होतो, सळई आत खुळखुळत होती.