लिव्हिंग विलला मराठीत काय म्हणायचं? (मृत्युपत्र नको!)

खिडकीतला
एक शब्द हवाय. आईचं लिव्हिंग विल करतोय, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा कागद. मसुदा मराठीतच हवा म्हणाली आणि मी शीर्षकालाच अडलोय. वकिलांनी वर 'जिवंत मृत्युपत्र' असं टाइप करून आणलं, आईने चष्मा काढून ठेवला न् म्हणाली, हे काय भुताटकीचं. 'इच्छापत्र' म्हणावं तर आमच्याकडे इच्छापत्र म्हणजे घर कोणाला, दागिने कोणाला.

शब्दासाठी एवढा हट्ट का, तर आमच्या काकांनी सगळं रीतसर केलं होतं, दोन साक्षीदार, नोटरी, शिक्के. पाकिटावर लिहिलं 'इच्छापत्र' आणि कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलं. रात्री अडीचला श्वास लागला, १०८ आली, नळी घातली, व्हेंटिलेटर, अकरा दिवस. पाकीट घरात सगळ्यांना माहीत होतं हो, पण इच्छापत्र तेरावं झाल्यावर उघडतात ना, तसंच उघडलं. आत पहिलंच वाक्य, मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये.

शब्दखोर
वाईट वाटलं वाचून. बाकी काहीही लिहा, 'इच्छामरण' तेवढं नको. ते भीष्माचं, हवं तेव्हा प्राण सोडायचं वरदान. 'दयामरण' त्याहून वेगळं, त्यात दया दुसऱ्याची. वर्षानुवर्षं अचेतन पडून असलेल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या केसचा २०११ मध्ये निकाल आला तेव्हापासून बोलण्यात दोन्ही शब्द एकाच पोत्यात भरले गेलेत. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला मान्य केलं ते एवढंच की बरं होण्याची आशा नसेल तर नुसतं लांबवणारे उपचार नको म्हणता येतं आणि ते आधी लिहून ठेवता येतं. इंजेक्शन देऊन मारणं आजही गुन्हाच. इच्छामरण शब्द ऐकला की नातेवाईक दचकतात, सहीला कोणी पुढे येत नाही.

रात्रपाळी
आयसीयूत बावीस वर्षं काढली, तिथले शब्द सांगते. पेशंट म्हणतात "मला मशीनवर टाकू नका", "नळ्या घालू नका". नातेवाईक म्हणतात "घरी नेतो", मग डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्जवर सही. कितीतरी लोक डामा घेतात कारण नको म्हणायला दुसरा शब्दच माहीत नसतो.

आणि डीएनआर (डू नॉट रिससिटेट) वेगळं बरं का. ते डॉक्टर केसपेपरवर लिहितात, हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही एवढंच, औषधं, सलाइन, बाकी उपचार चालू. त्याला 'पुनरुज्जीवन नको' म्हणतात तेव्हा मला हसू येतं, आम्ही काय संजीवनी विद्या शिकून आलोय का!

खिडकीतला, एक स्पष्ट सांगते. नुसता कागद दाखवून त्या रात्री सगळं थांबलं असतं असं नाही. आधी तीन डॉक्टरांचं मंडळ बघतं, मग दुसरं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो, आणि दोन्ही मंडळांनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यायचं असतं. पण कॅज्युअल्टीत कागद हातात असता आणि त्यात नाव दिलेलं माणूस शेजारी उभं असतं तर बोलणं तिथूनच सुरू झालं असतं, अकराव्या दिवशी नाही.

तिठ्यावरचा
सरकारी थाटाचा शब्द 'अग्रिम वैद्यकीय निर्देश'. अग्रिम म्हटलं की मला सणाची उचल आठवते, पण 'निर्देश'मध्ये दम आहे, इच्छा काय कोणीही बाजूला सारतं. माझं मत 'वैद्यकीय इच्छापत्र'ला, 'वैद्यकीय' ठळक. गोव्यात हायकोर्टाचे न्यायमूर्ती सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं केलं तेव्हा आमच्याकडे चहाच्या टेबलावर मात्र सरळ 'लिव्हिंग विल'च चाललं होतं.
आणि हो, २०२३ पासून मॅजिस्ट्रेटकडे जायची गरज नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. एक प्रत महापालिकेने किंवा पंचायतीने नेमलेल्या अभिरक्षकाकडे द्यायची, एक फॅमिली डॉक्टरकडे. (कस्टोडियनला 'अभिरक्षक' हा शब्द कोणी काढला त्याला साष्टांग.)

चकली
नळ्यानकोपत्र. माझं मत यालाच.

खिडकीतला
आईला सगळं वाचून दाखवलं. डामाला हसली, नळ्यानकोपत्र तर फार आवडलं. शीर्षक 'वैद्यकीय इच्छापत्र (आगाऊ निर्देश)' ठरलं. लॉकर रद्द, आता पाकीट फ्रिजवर, औषधांच्या डब्याखाली. वर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : 'मी जिवंत असताना उघडणे.'

शब्दखोर
'असतानाच' हवं.