चावडीवरची महायुद्धाची पाटी : ठेवायची का बदलायची?

सीमावासी :
खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावची जुनी चावडी पाडून नवी बांधूलालेत. भिंतीत संगमरवरी पाटी आहे. इंग्रजीत एवढंच, की या गावातून इतकी माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. कमिटीला तिथं सोनेरी अक्षरांचा ग्रॅनाइट पाहिजे. नमुन्यात १९१९ चं १९१८ करून 'चूक'ही सुधारलीय! अहो, लढाई थांबली १९१८ ला, तह झाला १९१९ ला. पाटी अलगद काढा, नव्या भिंतीत तीच बसवा.

कमिटीवाला :
वाचतो कोण ती? अक्षरांतला काळा रंग उडालाय, वर चुन्याचे थर. वर्गणी किती दिलीत ते आधी सांगा.

जुना फौजी :
मी दिलीय, म्हणून बोलतो. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आजच्या इराकातल्या कूत गावी तुर्कांच्या वेढ्यात होत्या. १४७ दिवस. घोड्याचं मांस खायची पाळी आली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, पुढं तुर्कांची कैद. ऑक्टोबर १९१८ ला तिकडंच शरकात गावी लढलेली ११४ वी पलटण तर १९२२ नंतर आपल्या बेळगावातच ट्रेनिंग बटालियन झाली. आणि बसऱ्याच्या स्मारकावर? भारतीय अधिकाऱ्यांची नावं, जवानांचा नुसता आकडा. पाटी राहू दे, पण शेजारी नावं पाहिजेतच. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (CWGC) नोंदीत बऱ्याच जणांचं गाव-तालुक्यासकट सापडतं. स्पेलिंगची वाट लागलेली असते, दोन-तीन तऱ्हांनी शोधायचं.

तिरकस :
साहेबाच्या लढाईचं एवढं कौतुक? पगारासाठी गेले. ती पाटी म्हणजे गुरं मोजल्याची पावती. म्युझियमात टाका.

जुना फौजी :
पगारासाठीच गेले की. आमचे पणजोबा बसऱ्याहून परत आले, त्याच पगारातून विहीर खणली. अजून पाणी आहे, प्यायला या.

तिरकस :
येतो. पण त्यांना पाठवणाऱ्या सरकारचा दगड चावडीवर नको, हे मत तेच.

खानापूरकर :
दगडाचं सोडा. नावांचा फलक मराठीत का कन्नडात, यावर ही कमिटी मोडणार बघा.

कमिटीवाला :
दोन्हीत करू की, त्यात काय! दर अक्षरावर लागतो, तेवढं लक्षात असू दे.

सीमावासी :
ते नंतर. गवंडी पाटी पुसायला टाइल्सचं अ‍ॅसिड घेऊन आलाय म्हणे. संगमरवराला अ‍ॅसिड लागलं की वरचा थर गेलाच, अक्षरंही उथळ होणार. साधं पाणी आणि मऊ ब्रश घेऊन निघालोय. कमिटीवाले, तुम्ही जवळ आहात, तोवर त्याला चहाला तरी बसवा.