झॅप उघड करावा की निनावी?

शाईचा_डाग: नॉस्टरवर (कोणा एका कंपनीच्या मालकीचं नसलेलं खुलं समाजमाध्यम) एखाद्या नोटेला, म्हणजे पोस्टला, २१ सॅट (बिटकॉइनचे अगदी छोटे अंश) जरी झॅप केले, म्हणजे टिप म्हणून पाठवले, तरी नाव, रक्कम, सोबतचा मजकूर सगळ्यांना दिसतं. वादग्रस्त लेखनाला टिप देताना नाव नको असतं. ‘निनावी’ निवडल्यावर नेमकं काय लपतं?

काटेकोर: फक्त नाव. लाइटनिंगवरून (बिटकॉइन झटपट पाठवायचं जाळं) पैसे जातात ते वेगळे आणि रिलेवर (नोटा साठवून पुढे देणारे नॉस्टरचे सर्व्हर) पावती लागते ती वेगळी. पावती (नॉस्टरवरच्या नोंदीचा, म्हणजे इव्हेंटचा, प्रकार ९७३५) घेणाऱ्याचा वॉलेट-सर्व्हर काढतो आणि तुमच्या अ‍ॅपने सही केलेली विनंती (९७३४) तिच्यात जशीच्या तशी असते. नॉस्टरवर किल्ली हीच तुमची ओळख; निनावी झॅपला अ‍ॅप तुमच्या किल्लीऐवजी तात्पुरत्या किल्लीने सही करतं, एवढंच. रक्कम, वेळ आणि मजकूर उघडच. नोटेखाली प्रतिसाद टाकून मिनिटभरात निनावी झॅप केलात, तर कोणाचा ते ओळखायला फार डोकं लागत नाही.

पावतीच नको असेल तर प्रोफाइलवरचा लाइटनिंग पत्ता (ईमेलसारखा दिसतो तो) वॉलेटमध्ये टाकून थेट पाठवा. नोटेखालचा आकडा मात्र वाढणार नाही.

उंबरठा: आणि चुकून नावानिशी झॅप गेला तर तो पुसता येत नाही. पावतीवर सही सर्व्हरची, त्यामुळे तुमच्या किल्लीने केलेली डिलीटची विनंती तिला लागूच होत नाही.

बाकी ‘प्रायव्हेट’ कोणापासून, हेही बघा. ट्विटरने मे २०२१ मध्ये टिप जार (प्रोफाइलवरून टिप द्यायची सोय) आणला, तेव्हा पेपलवरून ‘वस्तू व सेवा’ प्रकाराने टिप दिली की पावतीवर देणाऱ्याचा पत्ता घेणाऱ्याला दिसायचा. टाइमलाइनवर अवाक्षर नाही, पण अनोळखी माणसाकडे घरचा पत्ता! प्रोफाइलवर साधा बिटकॉइन पत्ता लावला तर उलटी गत: आलेली प्रत्येक टिप आणि शिल्लक कोणीही मोजावी.

शाईचा_डाग: मग उघड झॅपचा उपयोग काय?

काटेकोर: लेखनाकडे लोकांचं लक्ष जातं, काही अ‍ॅप झॅपच्या बेरजेवर नोटा वर आणतात. पण बेरजेवर विसंबू नका. पावती म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे. स्वतःचा सर्व्हर चालवणारा हव्या तेवढ्या पावत्या काढू शकतो. उलट, पैसे पोचूनही आकडा हलला नाही तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी वॉलेटमधली नोंद बघा, बहुतेक वेळा पावतीच रिलेपर्यंत पोचलेली नसते.