तांबी असताना निरोध कशासाठी?

प्रश्न:
धाकटीच्या जन्मानंतर मी तांबी बसवून घेतली. पती मालवाहू गाडीवर असल्यामुळे महिन्यातील वीस दिवस बाहेरच असतात. गेल्या महिन्यात मला जंतुसंसर्ग झाला, तेव्हा डॉक्टरांनी पतींनाही तपासणीसाठी आणावे व तोवर निरोध वापरावा, असे सांगितले. मी पाकीट उशीशी ठेवले, तर त्यांनी ते उचलून कपाटावर टाकले आणि ‘तांबी आहे ना? मग माझ्यावर संशय आहे का?’ असे विचारले. तेव्हापासून अबोला आहे. हा विषय कसा काढावा?

उत्तर १:
मी समुपदेशनाचे काम करते. तांबी गर्भधारणा टाळते, संसर्ग रोखत नाही. तो निरोधामुळे बऱ्याच अंशी टळतो. परंतु आधी संसर्गाचे नाव विचारून घ्या, कारण अंगावरून पांढरे जाण्याची काही कारणे शरीरसंबंधांतून आलेली नसतात, आणि क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग स्त्री किंवा पुरुष दोघांतही लक्षणांवाचून दीर्घकाळ राहू शकतो, त्यामुळे तो कोणाकडून व केव्हा आला हे सहसा सांगता येत नाही. लैंगिक संसर्ग निघाल्यास मात्र दोघांनीही उपचार घ्यावे लागतात, नाहीतर बरा झालेला जोडीदार पुन्हा बाधित होतो. शासकीय रुग्णालयातील सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी व औषधे मोफत मिळतात.

उत्तर २:
माझी बिनटाक्याची नसबंदी झाली, तेव्हा वीर्यतपासणी होईपर्यंत तीन महिने निरोध वापरण्यास सांगितले होते. ते पाकीट दाढीच्या सामानाशेजारी उघड्यावर असे आणि त्यावरून घरात कधी कोणी संशय काढला नाही, कारण ते डॉक्टरांनी सांगितलेले होते. आई तेवढी ‘गड्याने कशाला, सुनेचेच करून टाका’ म्हणत राहिली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित जोडप्यांमध्ये स्त्री-नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुष-नसबंदीचे 0.3 टक्के आहे. तेव्हा आई एकटी नव्हे. आपल्या पतींनाही हे डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकू द्यावे.

उत्तर ३:
दोन्ही उत्तरे पटली, तरी एक राहिले. त्यांचे मन वळेपर्यंत संबंधांना नकार देण्याचा ताईंना पूर्ण अधिकार आहे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोघांचीही नावे लिहून दिली आहेत. ते गुरुवारी येत आहेत. चिठ्ठी त्यांच्या डब्याखाली ठेवणार आहे.